पाचवं कार्ड

हल्ली अनोळखी नंबरवरून फोन आला की मी आधी माझं नाव सांगत नाही. "आपण कोण?" असं विचारते, आणि उत्तर मिळालं तरी ते खरं धरत नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यांना इतके उलटे प्रश्न विचारते की शेवटी तेच कंटाळून फोन ठेवतात. सून हसते. "आई, तुम्ही नक्की नर्सच होतात ना? की पोलिसात?" म्हणते. त्यामुळे मागच्या महिन्यात चिंचवडच्या दवाखान्यातून एक माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावाचं एक पाकीट सापडलंय, येऊन घेऊन जा," तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न टाकला, "माझ्या लग्नाआधीच्या नावाचं की नंतरच्या?" तो बिचारा गोंधळला. "ते मला कसं कळणार? कुमारी असं लिहिलंय," म्हणाला. मग मात्र मी कधी येऊ ते विचारलं.

निगडीच्या स्टँडवरून बस धरली. आमच्या प्राधिकरणाच्या वसाहतीतून चिंचवड तसं हाकेच्या अंतरावर, पण त्या दवाखान्याच्या बाजूला मी सहसा जात नाही. काम निघालंच तर वळसा घेऊन जाते. दवाखाना आता पाच मजली झालाय. त्याच्या मागच्या दोन लांबट, पत्र्याच्या इमारती, म्हणजे आमची नर्सिंगची शाळा आणि वसतिगृह, पाडून तिथे गाड्या लावायची सोय करणार आहेत. स्टोअरमधल्या पोरानं आधी माझं ओळखपत्र मागितलं. मला ते आवडलं. मग त्यानं टेबलाच्या खणातून खाकी पुठ्ठ्याचं पाकीट काढून पुढे ठेवलं. ते गॉजच्या पट्टीनं बांधलेलं होतं आणि गाठ माझीच होती. सपाट, दोन्ही टोकं समांतर, ओढली की घट्ट होणारी. म्हणजे इतक्या वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. तरी मी गाठीची दोन्ही बाजूंनी तपासणी केली.

घरी आल्यावर खोलीत बसून ते सोडलं. जुन्या गोंदाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि त्याखाली अजून कसलासा आंबट वास आला. आत कार्डं होती, ड्रॉइंगच्या जाड कागदाची, मी हातानं चितारलेली. एक, दोन, तीन, चार. मग सहा, सात, आठ. मोजायची काही गरज नव्हती. पाचवं कुठे आहे ते मला माहीत आहे. तरी मोजली.

तो आंबट वास मी लगेच ओळखला. पिंपरीच्या बाजूनं वारा आला की औषधांच्या कारखान्याचा वास आमच्या वर्गात शिरायचा. काहीतरी आंबतंय, इडलीचं पीठ दोन दिवस विसरलंय, असा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उठत होते आणि मधून मधून अजून ज्वारी उभी होती. निगडी म्हणजे तेव्हा आखलेले रिकामे प्लॉट, त्यावर दिव्यांचे खांब आणि खांबांना बांधलेल्या शेळ्या. दिवसाला वेळ भोंग्यांची होती. सकाळचा भोंगा झाला की आम्ही बेड करायला घ्यायचो, दुपारचा झाला की पहिली शिफ्ट सुटायची आणि रस्ताभर सायकलीच सायकली. हँडलला रिकामे डबे खुळखुळत असायचे. कांद्याच्या दिवसांत चाकणहून ट्रक जायचे, आणि वॉर्डातल्या फिनेलच्या वासात कांद्याचा वास मिसळायचा. हिवाळ्यात पवना नदीकडून धुकं यायचं, मग वाळत घातलेल्या चादरी दुपारपर्यंत ओल्याच. त्या चादरींचा ओला, साबणाचा वास मला अजूनही सुखाचा वाटतो. बाकी सुख फार नव्हतं. पण आम्ही अठरा-वीस वर्षांच्या होतो, त्यामुळे ते आहे असं समजून चालायचो.

आम्हाला शिकवायला थॉमस सिस्टर होत्या. केरळच्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीच्या. मराठी त्या इथेच येऊन शिकल्या होत्या आणि त्यात त्यांना कुठलाही शब्द वाया घालवायचा नसे. संशय घ्यायला मला त्यांनी शिकवलं. म्हणजे मूळचा स्वभाव थोडा होताच, पण त्याला शिस्त त्यांनी लावली.

"पेशंट हो म्हणाला," त्या सांगायच्या, "की उशी उचलून बघा."

आणि खरंच उशीखाली गोळ्या सापडायच्या. गादीच्या शिवणीत, खिडकीतल्या तुळशीच्या डब्यात, एकदा तर एका आजोबांच्या तपकिरीच्या डबीत. "घेतली हो सिस्टर, मघाच घेतली," असं म्हणणारी माणसं. मी या कामात तरबेज झाले. कुणाचा डोळा कुठे वळतो ते बघून कुठे लपवलंय ते सांगायची. मुली मला सीआयडी म्हणायच्या, आणि मला ते मनातून गोड वाटायचं.

सिस्टरांचा दुसरा नियम शिकवण्याचा. रोग्याला औषधपाणी देणं हे अर्धं काम, त्याला समजावून सांगणं हे उरलेलं अर्धं, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत त्याचे वेगळे गुण होते. बाहेरून परीक्षक यायचे, खरा रोगी समोर बसवायचे आणि आपण चित्रं दाखवून त्याला शिकवायचं.

"समजलं का, असं विचारायचं नाही," सिस्टर सांगायच्या. "सगळे हो म्हणतात. माझा नवरापण हो म्हणतो. शेवटी म्हणायचं, आता तुम्ही सांगा. त्यानं सांगितलं तर तुम्ही शिकवलं. नाही सांगितलं तर तुम्ही नुसतं बोललात."

आता तुम्ही सांगा. हे आमचं रोजचं पालुपद झालं होतं. जेवताना, वेणी घालताना, भांडताना. कुणी लांबलचक काही सांगितलं की दुसरी म्हणायची, आता तुम्ही सांगा, आणि सगळ्या हसायच्या.

सरावासाठी वर्गाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कॉट होती. दुपारचा भोंगा झाल्यापासून संध्याकाळच्या ड्यूटीपर्यंत जोड्या जोड्यांनी तिच्यावर सराव करायचा. एकीनं रोगी व्हायचं, एकीनं नर्स. माझी जोडी विमलशी लावली होती. विमल गायकवाड. पिंपरीत रेल्वे लायनीपलीकडे बौद्ध वस्ती होती, तिथली. वडील एका फौंड्रीत होते, आई लहानपणीच गेलेली. मी चिंचवड गावातली, माझे वडील ऑफिसात. वसतिगृहात पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींशी जरा बेतानंच बोलायचो. ती घरून सुक्या बोंबलाची चटणी आणायची, आणि मी नाक दाबल्याचं लपवायची नाही. दुसऱ्या वर्षी तीच चटणी मी मागून खाऊ लागले. तिच्या त्या काचेच्या बरणीचं हिरवं झाकण मला अजून दिसतं.

विमल एरवी बोलायची अगदी आमच्यासारखी, शब्द तोलून. पण कॉटवर आडवी होऊन रोगी झाली की तिचा आवाजच बदलायचा. खांदा एका बाजूला पाडून ती उशाशी टेकायची आणि सुरू व्हायची.

"गोळी घेता ना रोज?" मी विचारायची.

"घेतो की बाई. पर ती घेतली की पायांस्नी मुंग्या येत्यात. मशिनीपुढं हुबं ऱ्हावत न्हाई."

"मग काय करता?"

"एक दिस आड घेतो. आता खोकला न्हाई, भूक लागती, मंग कशाला रोज?"

माझं पुढचं वाक्य अडायचं. रोगी असा उलटा बोलेल, हे माझ्या वहीत नव्हतं. माझ्या पाळीला मी रोगी व्हायची तेव्हा नुसती "हो सिस्टर, नाही सिस्टर" करायची. ती मात्र रोज नवीन काहीतरी काढायची. शेजारच्यांना कळलं तर जेवताना डबा त्यांच्यात मिसळू देणार नाहीत. थुंकी कुठं टाकायची, चाळीत एकच मोरी. कंपनीला कळलं तर घरी बसवतील. हे सगळं तिला कुठून सुचतं?

एक दिवस त्या मुंग्यांचं मी जाड पुस्तकात शोधलं. बारीक अक्षरात, तळाशी, एकच ओळ होती. आम्हाला ती शिकवलेली नव्हती. आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हिच्याकडे गाइड आहे. पुण्यात कुठे तरी मिळणारं, परीक्षकांचे प्रश्न आणि रोग्यांची उत्तरं छापलेलं, असं काहीतरी हिनं मिळवलंय आणि ट्रंकेत दडवलंय.

एकदा असं वाटलं की मग सगळंच जुळत गेलं. दर रविवारी ती घरी जायची आणि परत आली की आधी ट्रंक उघडायची, पाठ आमच्याकडे करून. कुलूप लावल्यावर ओढून बघायची. मी जवळ गेले की झाकण आपटायची. तिच्या उशीखालीसुद्धा मी बघितलं, ती अंघोळीला गेलेली असताना. काही नव्हतं. काही नव्हतं म्हणून माझा संशय आणखी पक्का झाला. आमच्यात शीला नावाची एक मुलगी होती, तीही ट्रंकेला दोन कुलुपं लावायची. तिचा संशय मला का आला नाही, याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नव्हतं. आज सुचतं आणि ते मला आवडत नाही.

तरी आमची मैत्री होतीच. हे कसं, ते मला नीट सांगता येणार नाही. एकीकडे मी तिच्यावर नजर ठेवून होते आणि दुसरीकडे माझी कार्डं आम्ही दोघींनी मिळून केली. क्षयाच्या रोग्याला शिकवायची आठ कार्डं. चित्रं माझी, कारण माझा हात बरा होता. कल्पना बऱ्याचशा तिच्या. पाचव्या कार्डावर मला कामगार काढायचा होता, कामाला निघालेला, बरा दिसणारा, पण अजून औषध चालू असलेला. मला तो जमेना. माझे सगळे कामगार ऑफिसात निघाल्यासारखे दिसायचे. मग विमल उठली, समोर खुर्ची आडवी धरून सायकलचं हँडल धरल्यासारखी उभी राहिली, डावा खांदा खाली पाडून, मान किंचित पुढे.

"असा उभा राहतो माणूस," ती म्हणाली. "असा काढ."

मी काढला. खाली लिहायला वाक्य तिनंच दिलं. बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नाही. मी लाल शाईनं ते ठळक लिहिलं. त्या दुपारी बाहेर चादरी फडफडत होत्या, पत्रा तापून कडकड वाजत होता आणि गोंदाच्या बाटलीत मुंग्या झाल्या होत्या. आम्ही दोघी हसत होतो. कशावर, ते आठवत नाही. पण मी एवढी परत कधी हसले नाही, असं मला उगीच वाटत राहतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पाकीट उघडलं तर पाचवं कार्ड नव्हतं.

आदला दिवस रविवार होता आणि विमल घरी जाऊन आली होती. पाकीट माझ्या कॉटखाली होतं. त्यात हात घालण्याइतकी जवळची तीच होती. दवाखान्यात त्या वर्षी एकच जागा भरायची होती आणि ती पहिल्या येणारीला मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिली एकतर मी येणार होते नाहीतर ती. मी तिला विचारायला हवं होतं. एवढंच विचारायचं होतं, विमल, माझं कार्ड कुठे आहे? पण विचारलं की माणूस काहीतरी सांगतो आणि आपण ते खरं मानून बसतो, असं मला वाटे. मी सरळ थॉमस सिस्टरांकडे गेले.

"सिस्टर, विमलची ट्रंक बघा," मी म्हटलं. "तिच्याकडे गाइड आहे. माझं कार्डही तिनंच घेतलंय."

बाराजणी इस्त्रीचे एप्रन घालून उभ्या होतो. सिस्टरांनी विमललाच ट्रंक उघडायला लावली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काहीतरी हिशेब चुकल्यावर माणूस बघतो तसं. मग तिनं कुलूप काढलं. दोन साड्या, एक आरसा, आईचा फोटो, वह्या. गाइड नव्हतं. कार्डही नव्हतं. तळाशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. सिस्टरांनी तो उघडला. आत गोळ्यांच्या कागदी पुड्या होत्या. सात. प्रत्येक पुडीवर विमलच्या अक्षरात वार लिहिलेला. सोम, मंगळ, बुध.

"कोणाच्या?" सिस्टरांनी विचारलं.

विमलनं डब्याचं झाकण लावायला हात पुढे केला.

"तू आजारी आहेस?"

"नाही सिस्टर."

"मग कोणाच्या? वॉर्डातून घेतल्या?"

"नाही."

"मग सांग कोणाच्या."

ती सांगेना. मान खाली घालून उभी राहिली. बाहेर परीक्षकांची गाडी आल्याचा आवाज झाला. सिस्टर म्हणाल्या, "सांगितलं नाहीस तर मी तुला बसू देऊ शकत नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला थरथरलेला वाटला. विमलनं ट्रंक बंद केली, कुलूप लावलं आणि सवयीनं ओढून बघितलं. चोरी करणारा माणूस पुड्यांवर वार लिहीत नाही, हे आम्हा बाराजणींपैकी एकीलाही सुचलं नाही. आम्ही तर रोज तेच काम करत होतो.

मी सात कार्डांवर परीक्षा दिली. पाचव्याच्या जागी तोंडानं बोलले, आणि परीक्षकबाईंनी मान डोलावली. पहिली आले. जागा मला मिळाली. विमल त्या दुपारीच ट्रंक घेऊन गेली. पुढच्या वेळच्या परीक्षेलाही आली नाही. कार्डांचं पाकीट मी गॉजनं बांधून शाळेच्या कपाटात ठेवून दिलं. त्या वर्षी कुणी आता तुम्ही सांगा म्हणालं की कुणी हसायचं नाही.

मग नोकरी. नर्सची पांढरी साडी, पट्टा, हातात रबरी शिक्क्यांची पिशवी आणि घरभेटी. पुण्याच्या क्षयाच्या दवाखान्यातून आमच्या भागातल्या रोग्यांची यादी यायची. ते औषध नियमित घेतात का, हे आम्ही घरी जाऊन बघायचं. परीक्षेनंतरचा पहिला हिवाळा होता. यादीत नाव वाचलं, सदाशिव गायकवाड, पिंपरी, लायनीपलीकडे. पत्ता पुन्हा वाचला. गायकवाड शेकड्यानं असतात, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःच्या सांगण्यावर माझा विश्वास बसला नाही.

दुपारची वेळ होती. चाळीतलं शेवटचं दार. एका माणसानं ते अर्धवट उघडलं आणि माझी साडी बघून पटकन मागेपुढे नजर टाकली.

"कंपनीतनं आलाव का?"

"नाही. पुण्याच्या दवाखान्याच्या यादीवरून."

"मंग आत या बिगीनं. शेजारचं दोघंबी माझ्याच खात्यात हायेत."

त्यांनी दार लावून घेतलं. आणि वळून उभे राहिले, डावा खांदा खाली पाडून, मान किंचित पुढे. मी या माणसाला कधी बघितलं नव्हतं. पण मी त्यांचं चित्र काढलं होतं. ते चित्र भिंतीवर होतं, बुद्धाच्या तसबिरीच्या खाली, चार खिळ्यांनी ठोकलेलं. लाल शाई थोडी उडाली होती.

मला माझं काम सोडून दुसरं काही करायला सुचेना. म्हणून मी काम केलं. आजार कसा पसरतो, थुंकी कशी झाकून ठेवायची, गोळ्या दीड वर्षं का घ्यायच्या, सगळं सांगितलं. ते खाली बसून ऐकत होते. शेवटी म्हटलं, "आता तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. आठच्या आठ गोष्टी, क्रमानं, एक न चुकता. पाचवीला भिंतीकडे बोट केलं. "बरं वाटलं म्हंजी बरं झालं असं न्हाई. मी मदीच सोडली हुती बाई. पायांस्नी मुंग्या यायच्या. मग लेकीनं ह्ये चित्र आनून ठोकलं. म्हनली, आबा, ह्यो तुमीच हाय, रोज बघा. तवापास्नं एक दिस चुकला न्हाई."

"गोळ्या कोण आणायचं?"

"तीच, पुण्यास्नं. पंधरा दिसांच्या येकदम. घरात ठिवल्या तर कुनीबी बघतं, मग कंपनीला कळतं, मग घरी बसवत्यात. म्हनून ती तिच्याकडं ठिवायची आन् दर ऐतवारी आठवड्याच्या पुड्या आनून द्यायची. नर्शिंगच्या शाळंत हुती ती."

मी म्हटलं, "अस्सं." आणि शिक्का काढायला पिशवीत हात घातला.

"आता चाकनला हाय. कांद्याच्या बाजारामागं येक दवाखाना हाय, तितं आया म्हनून. परीक्षेला बसलीच न्हाई. हुशार पोर, पर बसलीच न्हाई." त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. "तुमी कंच्या शाळंतल्या? वळखत असाल इमलला."

"नाही," मी म्हटलं. "आमची बॅच वेगळी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. पुढे किती वर्षं मी ती नजर आठवून आठवून तपासली. त्यांना माहीत होतं का? विमलनं माझं नाव कधी घेतलं असेल का? चित्र काढणारीचं? की तो माणूस साधेपणानंच बोलत होता? मला आजही ठरवता येत नाही. जिचं सगळं आयुष्य माणसांची नजर ओळखण्यात गेलं, तिला तेवढी एक नजर ओळखता आली नाही.

"पोरगी काय बोलत न्हाई," ते म्हणाले. "इचारलं की म्हनती, मला नको वाटलं. दोन साल शिकली आन् शेवटच्या दिशी नको वाटलं? तितं कायतरी झालंय. तुमी त्याच कामातल्या. मी तुमचं समदं आईकलं, येकबी चुकलो न्हाई." ते जरा हसले. "आता तुमी सांगा."

मी पिशवी उचलली. अजून चार घरं बाकी आहेत, असं म्हटलं. पाणी तसंच ठेवून निघाले. दार माझ्यामागे हळूच लागलं. पुढच्या महिन्यात ते घर मी दुसऱ्या नर्सला द्यायला लावलं. कारण सांगितलं की मला लायनीपलीकडचा चढ झेपत नाही. तिनं ते खरं मानलं.

चाकणला मी दोनदा गेले. बाजाराचा दिवस, कांद्याच्या गोण्यांचे डोंगर, सालींचा खच पायाखाली चुरचुरणारा. दवाखाना सापडला. दारात पायरीवर बसून एक बाई सुया उकळायचं भांडं घासत होती, पाठ माझ्याकडे. हिरव्या झाकणाची बरणी तिच्या शेजारी होती. मी रस्त्याच्या पलीकडे एका ट्रकच्या आडोशाला उभी राहिले. दोन्ही वेळा तेवढंच केलं. पुढे त्या जागी मोठा रस्ता झाला आणि दवाखाना गेला. विमल कुठे असेल ते मला माहीत नाही. ती शिकली असती तर माझ्याहून चांगली नर्स झाली असती. हे मी आज लिहून टाकते, कारण आता ती जागा माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

काल दुपारी सून बाहेर गेल्यावर मी ती कार्डं पलंगावर मांडली. पाचव्याची जागा मोकळी सोडली. समोर खुर्ची ठेवली, जरा आडवी, हँडलसारखी. एप्रन नव्हता, मग पदरच खोचून घेतला. एकापासून सुरुवात केली. खोकताना तोंडावर फडकं धरा. थुंकी झाकून ठेवा. आवाज अजून पोचतो माझा, हे बघून बरं वाटलं. चारपर्यंत आले आणि मोकळ्या जागेपाशी थांबले. मग खुर्चीकडे बघून म्हटलं, "गायकवाड, तुमच्या मुलीची ट्रंक मी उघडायला लावली. तिनं तुमचं नाव सांगितलं नाही, आणि मी तिला विचारलं नाही."

एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. बोलण्याआधी मात्र दाराची कडी लावली होती आणि घरात कुणी नाही ना, हे सगळ्या खोल्यांतून दोनदा बघून आले होते.